गाडीच्या तोंडाला बाजरीची चाळणी

अंबडला कडूबाच्या भंगार दुकानात त्या शुक्रवारी एकाच पत्र्याला दोन हात लागले. एक हात टेम्पोतून पत्रा खाली ठेवत होता आणि दुसरा तो उचलत होता. उचलणारा हात दैवशालाचा. ठेवणाऱ्यानं मान वर करून पाहिलं, आणि पत्रा सोडायचंच विसरला.

"सोडता का?" दैवशाला म्हणाली.

"आं? हो… घ्या ना, घ्या."

"घेणारच आहे. पण हे आहे काय?"

"चाळणी. बियाणं चाळायच्या मशीनची." त्यानं हात पँटला पुसले. "जालन्याला सीड्स प्लांटमध्ये आहे मी. झिजलेल्या चाळण्या द्यायला आल्तो. ही बाजरीची."

दैवशालानं चाळणी उन्हात धरली. बारीक, एकसारखी, दाट भोकं. उन्हाचे शेकडो ठिपके त्याच्या शर्टावर, गळ्यावर, गालावर पडले. पलीकडून तो दिसत होता — सावळा, बरा, आणि फारच घाबरलेला. घाबरण्यासारखं आपण काही केलं नाही, असं दैवशालाचं प्रामाणिक मत होतं.

"गाडीला कशी दिसंल?"

"गाडीला?"

"माझ्या गाडीची पुढची जाळी फुटलीय. तिच्या जागी लावायचीय."

त्यानं चाळणीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिचे डोळे त्याच्यावरच होते. "भारी दिसंल," तो म्हणाला. "पण…"

"पण काय?"

"…काही न्हाई."

त्याचं नाव हरिओम. त्या 'काही न्हाई'नं पुढं दोघांना चांगलंच रडवलं आणि हसवलं, पण त्या घडीला दैवशालाला फक्त 'भारी' एवढंच ऐकू आलं.

तिला घाईच तशी होती. पिवळ्या नंबरप्लेटची जुनी गाडी तिनं हौसेनं घेतली होती, चालवायचा परवाना होता, हातही साफ होता. अंबडहून कुंभार पिंपळगावच्या शाळेत रोज जाणाऱ्या चार मॅडम सोमवारपासून तिच्या गाडीनं जाणार होत्या. त्यांच्यातल्या मोठ्या सत्यशीला मॅडम रविवारी आधी एक फेरी मारून बघणार होत्या. आणि गाडीचं तोंड? आधीच्या मालकानं ते उसाच्या ट्रॉलीवर घातलेलं. मधली जाळी तुटून दात पडल्यासारखी दिसायची. शोरूमवाल्यानं नव्या जाळीची जी किंमत सांगितली ती ऐकून दैवशाला पाणीसुद्धा न पिता परत आली होती.

वडिलांनी, रामरावांनी, सरळ सांगून टाकलं होतं, "मॅडम लोकांनी होकार दिला तर चालव. न्हाई तर गाडी विकू, अन् मी म्हणतो ती स्थळं बघायची."

म्हणून ती हरिओमला म्हणाली, "पत्रा कापता येतो तुम्हाला?"

"रोज तेच करून राह्यलो."

"मंग उद्या या. जुन्या कोर्टामागं, दारात पांढरी गाडी दिसंल. बिनदाताची."

शनिवार हरिओमच्या सुट्टीचा निघाला, किंवा त्यानं तो काढला. सकाळी नऊलाच तो पत्र्याची कात्री, कानस आणि काळ्या रंगाचा स्प्रे घेऊन हजर. अंगणात मोसंबीचं एक झाड होतं, आणि फुलांचा वास इतका सुटलेला की श्वास घेतला तरी गोड लागत होता.

दोघांनी मिळून जाळी काढली. खटके हलक्या हातानं दाबले, गाडीची चौकट शाबूत ठेवली आणि तुटलेलं प्लॅस्टिक तेवढं कापून काढलं. दैवशालानं पुठ्ठा चौकटीवर दाबून धरला, हरिओमनं पेन्सिलीनं कड आखली. आखता आखता पेन्सिल तिच्या बोटापाशी आली आणि थांबली.

"बोट काढा."

"बोट काढलं तर पुठ्ठा सरकंल."

"मंग… मी बोटाच्या भोवतीनं काढतो."

"काढा की," ती म्हणाली, आणि बोट तसूभरही हललं नाही. पुठ्ठ्यावर एका कोपऱ्यात बोटाएवढा बाक आला तो असा.

तो पुठ्ठा पत्र्यावर ठेवून हरिओमनं चाळणी कापली आणि बोटाला लागू नये म्हणून कडा कानशीनं घासल्या. आता रंग. खाली अंथरायला कागद हवे होते. दैवशाला घरात गेली आणि कागदांचा गठ्ठाच घेऊन आली. हरिओमनं पहिला कागद पाहिला. वर गणपती, खाली सूटबूट घातलेल्या मुलाचा फोटो.

"हे तर बायोडाटे!"

"बाबांनी जमवलेत. अंथरा."

"हा कोण?"

"परतूरचा. इंजिनिअर."

"अन् हा?"

"त्याची बागायती आहे. फोटोत ट्रॅक्टर पण आहे, दिसला का?"

हरिओमनं परतूरचा इंजिनिअर बरोबर मधोमध ठेवला, वर चाळणी धरली आणि स्प्रेचा डबा हलवला. एवढ्या मनापासून त्यानं आजवर काहीच रंगवलं नसेल. पत्रा उचलला तेव्हा इंजिनिअरच्या तोंडावर बाजरीएवढे काळे ठिपके उठले होते.

"गोवर आली बिचाऱ्याला," दैवशाला म्हणाली, आणि दोघं अंगणात पोट धरून हसले. आतून तुळजाबाई, तिची आई, चहा घेऊन आली तरी हसू आवरेना. आईनं बायोडाट्यांकडं पाहिलं, हरिओमकडं पाहिलं, आणि त्याच्या कपात थोडा जास्त चहा ओतला.

रंग वाळल्यावर चाळणी प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्यांनी चौकटीला आवळली. गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली. दैवशालानं चारही बाजूंनी फिरून पाहिलं.

"कशी?"

"लई भारी," हरिओम म्हणाला. पण पाहत होता तो चाळणीच्या भोकांकडं. मग त्यानं हळूच तो पुठ्ठा घडी करून आपल्या पिशवीत टाकला.

रविवारी सत्यशीला मॅडम पुढच्या सीटवर बसल्या. "रुबाब आणलास गं गाडीला," म्हणाल्या. दैवशालाची मान ताठ झाली. रस्ता मोकळा, दुतर्फा मोसंबीच्या बागा, काचा बंद, एसी चालू. घनसावंगी सोडली, आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. आधी थोडा, मग आणखी, मग सरळ लाल रेघेपाशी.

दैवशाला घाबरली नाही. तिनं एसी बंद केला, गाडी बाजूला घेतली, इंजिन थांबवलं. मग हरिओमला फोन लावला.

"घनसावंगीच्या जरा पुढं आहे. गाडी तापलीय."

"रेडिएटरची टोपी उघडू नका. बॉनेट उघडून ठेवा. मी निघालोच."

तो तासाभरात मोटरसायकलवर आला. उतरला आणि पिशवीतून एक पत्रा काढला. मोठमोठ्या भोकांचा, बिनरंगाचा, पण कापलेला बरोबर त्याच मापानं. कोपऱ्यात बोटाएवढा बाकही होता.

"ही मक्याची आहे," तो खाली बघत म्हणाला. "सकाळीच कापून ठेवली. बाजरीच्या भोकातून हवा जात न्हाई… रेडिएटरला हवा लागते."

दैवशाला त्याच्याकडं पाहतच राहिली. "म्हंजे तुम्हाला माहीत होतं?"

"…हो."

"कधीपासून?"

"भंगारातच."

"अन् बोलला न्हाईत?"

"तुम्हाला ती लई आवडली होती. तुमचं मन मोडवलं न्हाई."

झालं! दैवशालाला असा राग आला की तिचे डोळेच भरून आले, आणि डोळे भरले म्हणून आणखी राग आला. "ऐका. मी गाडी चालवते तर लोक मला दोनच गोष्टी सांगतात. एक, जमणार न्हाई. दुसरी, लई भारी. खरं काय ते एक माणूस सांगत न्हाई! मला वाटलं, तुम्ही सांगाल. हो ला हो करणारा माणूस मला नको, हरिओम. बिलकुल नको."

हरिओमनं गुडघे टेकले, पट्ट्या कापल्या, बाजरीची चाळणी काढली, मक्याची बसवली. इंजिन थंड झाल्यावर पाणी भरलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या दिसल्या आणि दैवशालाचा अर्धा राग तिथंच उतरला, पण तिनं तो चेहऱ्यावर तसाच ठेवला.

सत्यशीला मॅडम झाडाखाली मोसंबी सोलत सगळं ऐकत होत्या. "हे बघ दैवशाला," त्या म्हणाल्या, "गाडी कुणाचीही तापते. तू वेळेत थांबवलीस, हे मला आवडलं. उद्या साडेनऊला चौघी बसस्टँडवर उभ्या राहू. उद्याही तापली, तर आम्ही आपल्या एसटीनं जाऊ."

सोमवारी चार मॅडम, चार डबे आणि एसी. दैवशालाचा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. घनसावंगी गेली. कालची जागा गेली. काटा मधोमध बसला होता, तो जागचा हलला नाही. शाळेच्या फाटकाशी मॅडम उतरल्या आणि सत्यशीला मॅडमनी खिडकीतून आत वाकून सांगितलं, "रोज साडेनऊ. उशीर नको." रामरावांना संध्याकाळी ही बातमी कळली तेव्हा त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि गाडीच्या टपावरची धूळ स्वतः पुसली.

सगळं मनासारखं झालं होतं. तरी दैवशालाला आठवडाभर करमलं नाही. मंगळवारी वाटलं, येईल. बुधवारी वाटलं, निदान फोन तरी. गुरुवारी तिनं स्वतःशीच कबूल केलं की तिला तो माणूस आवडलाय, लाल कानांसकट. शुक्रवारी तिनं फोन उचलला. "मक्याच्या चाळणीला रंग द्यायचा राह्यलाय. अर्धवट काम करता का तुम्ही?"

शनिवारी नऊला हरिओम अंगणात. मोसंबीची फुलं गळायला लागली होती, बॉनेटवर त्यांचा पांढरा सडा पडलेला. दैवशालानं कागद आणून दिले. साधी वर्तमानपत्रं.

"बायोडाटे?" त्यानं विचारलं.

"संपले."

त्यानं चाळणी काढली, अंथरली. दैवशाला हातात लाल चकचकीत चिकटपट्टी घेऊन आली. "ही जाळीच्या कडेनं गोल फिरवू. कशी दिसंल?"

पट्टी तिला खरोखरच आवडली होती आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. हरिओमनं पट्टीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"बरी न्हाई दिसणार. वरातीतल्या बँडवाल्यांच्या गाडीसारखी दिसंल. काळी बास झाली."

दैवशालानं पट्टी उलटसुलट करून पाहिली. हरिओमच्या कपाळावर घाम आला. मग ती हसली, इतकी गोड की त्याच्या हातातला स्प्रेचा डबाच निसटला. तिनं पट्टी सरळ कचऱ्याच्या बादलीत टाकली.

"जमलं की तुम्हाला."

"आठवडाभर सराव केला. प्लांटमध्ये सगळ्यांना न्हाई म्हणून राह्यलोय. मॅनेजरसाहेब चिडलेत." तो जरा थांबला. "खरंच सांगायचं तर… तुम्ही गाडी चांगली चालवता. वळणावर जरा जोरात घेता, ते कमी करा. पण…"

तो अडखळला. भंगाराच्या दुकानात अडखळला होता, अगदी तसाच. दैवशालानं या वेळी त्याच्यावरची नजर हलवली नाही.

"पण काय?"

"पण मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. चाळणी हातात घेऊन उन्हात उभ्या होता तेव्हापासून. चाळणीचं खोटं बोललो, ते याच्यामुळंच." त्यानं एका दमात सांगितलं आणि मगच श्वास घेतला.

मोसंबीच्या झाडावरून दोन-चार फुलं त्याच्या केसांवर पडली. दैवशालानं ती पुढं होऊन टिपली, सावकाश, एकेक करून. आतून आईची हाक आली, तरी ती मागं सरली नाही.

"मलाही आवडता तुम्ही," ती म्हणाली. "आता एक काम करा. उद्या येताना तुमचा बायोडाटा घेऊन या."

हरिओमनं घाबरून खालच्या कागदांकडं पाहिलं. "अंथरायला?"

"न्हाई हो," दैवशाला म्हणाली. "बाबांना दाखवायला."