डावी काच

वीज गेलेल्या रात्री नागापूरच्या गॅरेजात बजरंगतात्यांनी हे पोरांना सांगितलं. राधाकृष्ण त्यांचा सख्खा चुलतभाऊ, तेव्हा थापा मारायची सोय नव्हती.

राधाकृष्ण कोपरगावचा. गेल्या जानेवारीच्या नऊ तारखेला तो संगमनेरला गेला होता, लेकीची पेटी आणायला. सुकन्याची पेटी होस्टेलवर वर्षभर पडून होती. पेटी मागच्या सीटवर ठेवून रात्री पावणेनऊला तो परत निघाला. एकटाच.

कारखान्याजवळ मळीचा वास आला आणि बोट आपसूक बटणावर गेलं. गोल बाणाचं बटण. दाबलं की बाहेरची हवा बंद, आतलीच फिरत राहते. तिकडं गळीत हंगामात सगळेच ते दाबतात आणि घर येईस्तोवर विसरतात.

आदल्या वर्षीही त्यानं हेच केलं होतं. तेव्हा शेजारी सुकन्या होती.

"आप्पा, वास गेला आता. बाहेरची हवा घ्या. कोंडल्या हवेत झोप येती."

"गाडी कोन चालवतंय? तू का मी?"

पोरीला शिकायला पाठवायचं आणि शिकलेलं बोलली की गप्प करायचं, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत. कोसभर पुढं त्याचा डोळा लागला. पुढं उसाची ट्रॉली उभी. तो एकटा वाचला. ट्रॉलीला दिवा नव्हता, एवढंच वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला. बटणाचं अवाक्षर नाही.

आता तोच रस्ता, दुरुस्त केलेली तीच गाडी. वास मागं पडला. बटण तसंच.

डाव्या काचेवर वाफ धरली. फक्त डाव्या. त्यानं पुसली. परत आली. वाढायची… विरायची… परत वाढायची. कुणी श्वास घ्यावा तशी.

गाडी कडेला. बटण दाबलं. गार वारा आत आला. काच लख्ख. शेजारची सीट मोकळी.

त्यानं घाईनं बटण परत दाबलं. वाट पाहिली. काच कोरडी…

बराच वेळ गेला.

"मला झोप लागली हुती, पोरी. तुझं बरोबर हुतं."

काहीच नाही…

मग त्यानं बाहेरची हवा चालू केली. चारी काचा अर्ध्या खाली घेतल्या. थंडी आत घुसली. आणि डाव्या काचेवर, हळूच… वाफ.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन तात्यांकडं आला. उन्हात, दारं उघडी टाकून, तात्यांनी ती काच फडक्यानं पुसली. वाफ जाईना. शेवटी काढून नवीच बसवली.

तात्या थांबले.

बसवल्यावर घटकाभरात नव्या काचेवर, तोंडाएवढी वाफ…