आंधळी काच, बावीस किलोमीटर

सम्राटला खाली आणायचं होतं. मोठा बर्फ पडायच्या आत. बस्स, एवढ्यासाठी शिरूरची गौतमी चार दिवस गाडीत बसून हिमाचलच्या पार टोकाला आली होती!

सम्राट तिचा थोरला भाऊ. पोकलेन चालवायचा. स्पितीकडच्या डोंगरात एका आडरस्त्याचं काम चाललेलं, तिथं दगड पडून त्याचा पाय मोडला. थंडी वाढली तसा ठेकेदारानं कॅम्प गुंडाळला आणि सगळी माणसं ट्रकात बसून खाली गेली. "तुला झोपवून न्यायला उद्या गाडी धाडतो," असं सम्राटला सांगून गेली. गाडी गेलीच नाही. त्याच्यासोबतच्या बिहारी वेल्डरनं गावी पोचून नऊ दिवसांनी सहज गौतमीला फोन लावला.

"दीदी, भाई आ गया ना घर?"

आला नव्हता. घरात होतंच कोण त्याची वाट बघायला? आईबाप गेलेले. गौतमी अकरावीत मास्तरांशी भांडून शाळा सोडलेली, सणसवाडीला पॅकिंगच्या कामाला जाणारी. राग सदा नाकावर. दौंडचे मारुतराव आईचे मानलेले भाऊ, टुरिस्ट गाडी चालवणारे. तिनं नुसतं "मामा" म्हटलं आणि मामांनी गाडी काढली.

आडरस्ता जिथं फुटतो त्या गावात ते मुक्कामाला पोचले. तिथं सगळ्यांना वाटत होतं, कॅम्प कधीच रिकामा झालाय. चहावाला म्हणाला, "बाईस किलोमीटर. कल शाम तक बर्फ आएगा. जाना है तो सुबह-सुबह निकलो."

पहाटेच मामा उठले. दौंडला रोज करायचे तसंच केलं. तांब्या भरला, काचेवर ओतला, फडकं मारायला गेले. फडकं काचेलाच चिकटलं! पाण्याचा जागच्या जागी बर्फ झाला.

"मामा, काय केलंत हे!"

"थांब गं. कढत पाणी आणतो."

"नका! काच—"

ती पोचेपर्यंत मामांनी ओतलंसुद्धा. कट्! खालच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली आणि सापासारखी अर्ध्या काचेपर्यंत चढली.

गौतमीचं डोकं फिरलं. "अक्कल हाय का न्हाई तुम्हाला? तीस वर्सं काय गाडीच हाकली का बैलं?"

मामांनी तांब्या पुसून डिकीत ठेवला आणि सीटवर जाऊन बसले. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

गाडी चढाला लागली. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल कुठंतरी नदीचा बारीक पांढरा दोरा. झाड नाही, पाखरू नाही, विजेचा खांब नाही. मोबाइलवरची रेंजची शेवटची कांडी कधीच गेलेली. घराकडं तिला माणसांचा कंटाळा यायचा, शेजारच्या खोलीतल्या टीव्हीचासुद्धा. इथं वाटायला लागलं, कुणीतरी नुसतं खाकरावं तरी. पण खाकरणारा माणूस शेजारी बसून गप्प होता आणि गप्प तिनंच केलेला.

नवव्या किलोमीटरला नाला आडवा आला. रस्त्यावरून गुडघाभर गढूळ पाणी वाहत होतं. मामांनी गाडी घातली. धाडकन पाणी उडालं आणि काचेवर पडल्या पडल्या थिजलं! समोरचं सगळं गायब. मामांनी कसाबसा पलीकडं ब्रेक मारला, वायपर लावला. चिखल नुसता फासला गेला. काचेवर पाणी मारायचा दांडा ओढला. बॉनेटखाली मोटर कण्हली. थेंब नाही. पुन्हा ओढला.

"ओढू नका! मोटर जळंल!" गौतमी खाली उतरली आणि बॉनेट उघडून बघते तर काच धुवायची टाकी दगड झालेली. चंदीगडला पंपावरच्या पोरानं रेडिएटरमध्ये कूलंट भरायला लावलं होतं, पण या टाकीचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्यात दौंडच्या नळाचं पाणी आणि शाम्पूची एक पुडी. तिकडं तेवढ्यात बारा महिने निघतात. गाडीचा हीटर तर मामांनी कधीच काढून टाकलेला. दौंडमध्ये हीटर कुणाला लागतो?

मागं नाला, पुढं तेरा किलोमीटर, आणि पलीकडच्या शिखरावर राखाडी ढग बसायला लागलेला.

"मी म्होरं चालती," ती म्हणाली. "तुम्ही बाजूच्या खिडकीतून मुंडकं काढून माझ्याकडं बघत या."

मामांनी मान हलवली.

ती चालायला लागली. हातात लाल ओढणी. डावीकडं ओढणी, गाडी डावीकडं. उजवीकडं ओढणी, गाडी उजवीकडं. वाऱ्यानं कान सुन्न झाले. पावलं टाकताना छाती भात्यासारखी चालली. मागं वळून बघावं तर मातीनं लिंपलेली आंधळी काच आणि खिडकीतून बाहेर आलेलं मामांचं मफलर गुंडाळलेलं डोकं. दोन माणसं, आणि मध्ये वीस पावलांची शांतता.

एका वळणावर तिची नजर खाली गेली. रस्त्याची कड तडकली होती. केसाएवढी भेग, पण आतली माती ताजी! आणि गाडीचं चाक त्याच रेषेत.

"थांबाऽऽ! मामा, थांबा!"

ब्रेक लागला. चाक घसरलं. कडेचं ढेकूळ सुटलं आणि आवाजसुद्धा न करता खाली गेलं. मामांनी इंचाइंचानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. मग खाली उतरले. खिडकीतून वारा खाऊन डोळे लालभडक, बोटं निळी.

असं कॅम्पपर्यंत जमायचं नव्हतं. अंधारच पडला असता.

मामांच्या हाताला काहीतरी लावावं म्हणून तिनं सम्राटसाठी आणलेली औषधांची पिशवी उपसली. खोकल्याचं औषध घट्ट. सलाईनची बाटली दगड. पाण्याची बाटली दगड. एकच बाटली हातात डुचमळली. तिनं पुन्हा हलवली. जखम पुसायचं स्पिरिट!

"मामा, ह्ये गोठलं न्हाई!"

मामांनी बाटलीकडं बघितलं, मग टाकीकडं. मग चार तासांत पहिल्यांदा बोलले. "आन् पोराची जखम कशानं पुसायची?"

"पोरापर्यंत पोचलो तर पुसू ना!"

मामांनी पाना काढला. दोन बोल्ट ढिले केले, टाकी सुटली. गरम इंजिनावर गोधडी दुमडून तिच्यावर टाकी ठेवली आणि दोघंही बॉनेटखाली डोकं घालून उभे राहिले. ऊब येत होती, शेकोटीसारखी. अर्ध्या तासानं आतला गोळा सुटला. तो ओतून टाकला, टाकी परत बसवली, निम्मं स्पिरिट भरलं. फवाऱ्याची भोकं बुजलेली. तिनं ओढणीची टाचणी काढली, स्पिरिटात बुडवून भोकात घातली. एकदा. दोनदा. टक्!

"ओढा!"

मोटर कण्हली, थुंकली, आणि चुर्रर्र! दोन धारा काचेवर आदळल्या. चिखल ओघळला, बर्फ सुटला, वायपर फिरला. चिरेच्या दोन्ही बाजूंनी डोंगर लख्ख दिसला.

"आलं की गं!" मामा ओरडले.

पुढचं अंतर त्यांनी जपून जपून कापलं. दुपार कलली. जुन्या बर्फात अर्धी बुडालेली एक पत्र्याची शेड दिसली. धूर नाही. आवाज नाही. मामांनी हॉर्न दिला. कुणी आलं नाही.

"हितं कुणी न्हाई वाटतं," मामा हळू म्हणाले.

गौतमी काचेतून बघत होती. शेडच्या दारापासून रस्त्यापर्यंत बर्फात एक वाट उमटली होती. एका पायाचा ठसा, शेजारी काठीचं भोक. ठसा, भोक. ठसा, भोक. रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन माघारी गेलेली. एकदा नाही. रोज. ठशांवर ठसे पडून वाट घट्ट झाली होती.

ती दार उघडून पळत सुटली.

सम्राट पोत्यांच्या ढिगात बसला होता. दाढी वाढलेली, स्टोव्ह विझलेला, शेजारी चार मुठी तांदूळ. तिच्याकडं तो बघत राहिला, खरंच आलीये की नाही हे ठरत नसल्यासारखा.

"दादा, हॉर्न ऐकला न्हाईस व्हय?"

त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "हॉर्न रोजच ऐकू येत होता. म्हणून आता उठलो न्हाई."

उरलेल्या स्पिरिटातलं थोडं जखमेला लावलं, बाकीचं टाकीत ओतलं. सम्राटला मागच्या सीटवर आडवं केलं. निघाले तेव्हा पहिला भुरका पडायला लागला. एका वळणाला एकच फवारा, त्यापेक्षा जास्त नाही. आता मामांना रस्त्याचं प्रत्येक वळण पाठ झालं होतं. तडकलेली कड मागं गेली, नाला ओलांडला आणि गावाचे दिवे दिसले तेव्हा टाकी कोरडी झाली होती. मागं डोंगर पांढऱ्यात बुडून गेला. सम्राटची वाट त्याच्याखाली गेली.

"बोला की कुणीतरी," मागून सम्राट म्हणाला. "तेरा दिवस कुणी बोललं न्हाई माझ्याशी."

गौतमी मामांकडं वळली. तिनं मामांच्या बाहीला हात लावला. "मामा, सकाळी मी तोंडाला यील ते बोलले. तुम्हीच बोला आता."

मामांनी घसा साफ केला. "सम्राट, ह्या पोरीनं आज मला बैलं हाकणारा म्हटलं. आन् लेका, मी खरंच बैलं हाकलीत. आमचा पांढऱ्या व्हता, लई द्वाड. एकदा काय झालं..."

पांढऱ्याची गोष्ट खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत पुरली. मागच्या सीटवरून हसण्याचा आवाज आला. गौतमी तोंड खिडकीकडं करून ऐकत राहिली.