रिकामी आलेली गाडी

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अनंत वैशंपायनची विजेवरची गाडी नाशिकच्या शरयू सोसायटीच्या फाटकातून आत आली. चालक नव्हता, तो नसायचाच. पण मागच्या सीटवर त्याची बायको रेवतीही नव्हती. गाडी तिला ती शिकवायची त्या शाळेतून आणायला गेली होती.

फाटकावरच्या जागामापकाने नोंद केली : फ्लॅट नऊ, रिकामी फेरी. कोणतं घर रस्त्याची किती जागा किती वेळ अडवतं, हे डांबराखालचे संवेदक मोजत. धूर मोजत नसत. अनंतचं दुखणं तेच होतं. त्याच्या गाडीला धूर नाही, आवाज नाही, तरी फाटकाजवळच्या फलकावर सर्वांत मोठा आकडा त्याचाच. आणि शेजारच्या भास्कर सोनकांबळेंचा शून्य. त्यांनी गाडी विकून पार्किंगच्या जागेत दोन बाक आणि कॅरम मांडला होता. संध्याकाळी अर्धी सोसायटी तिथे असे.

साडेसहाला रेवती चालत आली. सोबत सोनकांबळे. दोघं कशावर तरी हसत होती. अनंतला पाहून त्यांनी हसू आवरलं, ते त्याला जास्त लागलं.

"गाडी पाठवली होती," तो म्हणाला.

"परत धाडली. चौकात सगळ्या रिकाम्या गाड्यांचीच रांग. आम्हीच आधी पोचलो असतो, पण भजी खात थांबलो."

"वैशंपायन, तुमची गाडी सज्जन आहे हो," सोनकांबळे म्हणाले. "मला रस्ता ओलांडू दिला. तुम्ही चालवायचात तेव्हा नुसता हॉर्न."

"तुमचं बरंय. सगळंच शून्य."

"गुडघेदुखी सोडून."

ते कॅरमकडे वळल्यावर रेवती हळूच म्हणाली, "आधी तू यायचास रे न्यायला. स्कूटरवर. आता नुसती गाडी येते."

"मग त्याच्याबरोबर चालायचं?"

"घरी यायची वाट एकच आहे, अनंत," म्हणून तीही कॅरमकडे गेली.

आवारातलं पार्किंग बंद करून गाड्या किलोमीटरभर लांबच्या सामायिक तळावर न्यायच्या का, यावर सोसायटीचं मोबाइलवरून मतदान चालू होतं. मुदत आठची. फ्लॅट तेवीस, प्रत्येकाला एक मत, तेही मालकाचं. स्टँप ड्यूटीत सवलत मिळते म्हणून अनंतने फ्लॅट रेवतीच्या एकटीच्या नावावर घेतला होता. त्या हुशारीबद्दल तेव्हा त्याने पेढे वाटले होते.

पावणेआठला आकडे आले. बाजूने अकरा, विरोधात अकरा. बाकी फक्त फ्लॅट नऊ.

अनंतने गॅलरीतून वाकून पाहिलं. रेवतीने मोबाइल हातात घेतला, एकदा वर पाहिलं आणि तो बाकावर पालथा ठेवून स्ट्रायकर उचलला. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. सोनकांबळे समोर उभे राहून सोंगट्या लावत होते.

सात चोपन्नपर्यंत फ्लॅट नऊचं मत नोंदलं गेलं नव्हतं. अनंत तेव्हा जिन्यात होता. खाली जाऊन तिच्याकडे मत मागायचं की तिच्या शेजारी जाऊन बसायचं, हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.