तिसऱ्या राजदूताची रिकामी जागा

सातपैकी एक राजदूत गायब होता.

देवपुरातल्या वाचनालयात फौजदार धनसिंग गिरासे तिसऱ्या खिळ्यासमोर उभे होते. दोन्ही बाजूंना चौकटीतले साहेब हसत होते. श्रावणी सोमवार, गिरासेंचा उपास, आणि सकाळपासून एकही गोष्ट जुळत नव्हती.

लीलाधरनाना परदेशातल्या आपल्या वकिलातीत शिपाई होते. तिथं भारताचे सात राजदूत आले नि गेले. जाताना प्रत्येकानं सही केलेला फोटो आपल्याला दिला, असं नाना सांगत. उद्या त्या फोटोंचं प्रदर्शन होतं. ठरलेले पाहुणे आजारी पडल्यामुळे शनिवारी तार आली की तिसरे राजदूत स्वतः येतील.

किल्ल्या दोनच. एक नानांकडे, दुसरी पहारेकरी भिकनकडे. नाना स्वतःचीच वस्तू कशाला चोरतील? संध्याकाळपर्यंत चोर मिळाला नाही तर भिकनला काढू, असं वाचनालयाचे अध्यक्ष बजावून गेले होते. नोकरीबरोबर त्याची मागची खोलीही जाणार होती.

भिकन पायरीवर बसला होता.

"सकाळी कुठे होतास?"

"पांझरा नदीवर, साहेब. बठ्ठा कानबाई बुडवाले जायेल व्हतात." श्रावणातल्या रविवारी घरोघर बसवलेली कानबाई देवी सोमवारी सगळे नदीत बुडवत.

"तुझ्या घरची कानबाई?"

"औंदा बसाडी नही. भाऊ वारी गया." भाऊ वारला, म्हणून यंदा त्याच्या घरी देवी नव्हती.

तेवढ्यात नानांनी दोघांना आत बोलावून खिळ्याखालच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. तिथं कानबाईच्या रोटाचा, नैवेद्याच्या जाड पुरणपोळीचा, तुकडा पडला होता, पुरण अजून ओलं.

"भिकनचाच हा. दुःखात आहे म्हणून आज मीच त्याला माझ्या घरचे दोन रोट दिले."

भिकननं मान हलवली. मिळाले नाहीत, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गिरासे चिडले. कोण खरं, कोण खोटं? ते तडक नानांना घेऊन त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पत्नीला, सुगंधाबाईंना, रोटांचं विचारलं.

त्या चकित झाल्या. "रोट बाहेरना माणूसले कोन दी, साहेब? नांदाले गयेल लेकले बी आम्ही देतस नही."

गिरासे नानांकडे वळले.

"हेच मला हवं होतं. रोट भाऊबंदांबाहेर जात नाही. तुमचे श्रावण परदेशात गेले, म्हणून तुम्ही विसरलात. भिकनच्या घरी यंदा रोट नाहीत, तुमचे त्याला मिळणार नाहीत. म्हणजे स्टुलावर चढणारा तुमच्या घरचा. किल्ली तुमच्याकडे. आणि सहा सोडून तोच फोटो का? कारण उद्या तेच साहेब येणार, आणि त्यावरची सही त्यांची नाही."

नाना ओट्यावर बसले.

"सहा जणांनी न मागता दिला," ते म्हणाले. "हे तिसरे साहेब मोटारीत बसले ते बसलेच. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. मी वर्तमानपत्रातला फोटो मोठा करून घेतला. सही मीच केली."

"आणि भिकन?"

"तो काय, साधा पहारेकरी. दोन दिवसांत सगळे विसरतील, वाटलं."

"तुम्हीही शिपाईच होतात ना, नाना?"

सुगंधाबाईंनी धान्याच्या कोठीमागून चौकट काढून नानांसमोर ठेवली. "पहिले भिकनकडे जा. तुमना साहेबनं मंग पाहू."

नाना वाचनालयापर्यंत गेले. पायरीपाशी थांबून त्यांनी टोपी काढली.

भिकन उठला नाही.