डाव्या दाराबाहेर

कंदील घ्या तुमच्याकडे सरकवून. आमच्या पेठेत संध्याकाळी वीज गेली की जेवणं उरकेपर्यंत येत नाही, तेव्हा आपल्याला वेळच वेळ आहे. चांगली चालती मोटार मी अंगणात का उभी करून ठेवलीय, असं तुम्ही विचारलंत. विकत घ्यायला आलेल्या माणसानं ते विचारायलाच हवं. सांगतो. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, आणि सुरुवात अगदी साधी आहे. मी बायको-लेकीला आणायला कुर्डुवाडीला निघालो होतो.

लग्नसराई चालू होती. सोलापुरात भाड्याची मोटार चालवणाऱ्यानं त्या दिवसांत झोप विसरायची असते. आज अक्कलकोट, उद्या बार्शी, या मांडवातून त्या मांडवात. जेवण वऱ्हाडाबरोबर आणि झोप स्टिअरिंगवर कपाळ टेकून. मी इतका दमलो होतो की दमलोय हेसुद्धा जाणवेनासं झालं होतं. अशात सासऱ्यांचा निरोप आला. ते कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. बाळंतपणाला गेलेली माझी बायको रुद्राणी त्यांच्याकडेच होती, आणि आमच्या तान्ह्या निंगव्वाचा ताप काही केल्या उतरत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्या, आणि आजच न्या.

माझ्याबरोबर तात्याबा होते. सांगोल्याकडचे धनगर. तरुणपणी मेंढरं सोडून ट्रकवर क्लीनर झाले आणि त्यातच म्हातारे झाले. ट्रकवाल्यांना नकोसे झाल्यावर मी त्यांना माझ्याकडे घेतलं. लोक हसायचे, मोटारीला कुणी क्लीनर ठेवतं का म्हणून. हसू देत. ज्यानं पुणे रोडवर गाडी हाकलीय त्याला डावीकडे बसणाऱ्या माणसाची किंमत कळते.

तुम्हाला मोटार घ्यायचीय म्हणून नीट सांगतो. आतल्या आरशात मागची काच दिसते. उजव्या दारावरच्या आरशात उजवी बाजू दिसते. डाव्या बाजूला त्या वेळी कुणाच्याच मोटारीला आरसा नसे. मान वळवून पाहिलं तरी मागच्या दारापासून मागच्या चाकापर्यंतचा एक तुकडा असा राहतो, की तिथं अख्खा बैल उभा असला तरी ड्रायव्हरला त्याचं शिंगही दिसत नाही. रस्ता अरुंद. पुढच्याला ओलांडायला उजवीकडे जायचं, आणि परत डावीकडे यायचं ते डावीकडच्या माणसाच्या भरवशावर. जागा मोकळी दिसली की तो हात बाहेर टाकून दारावर दोनदा थाप मारतो. थाप ऐकल्याशिवाय स्टिअरिंग डावीकडे वळवायचं नाही, ही आम्हा लोकांची रीतच होती. आणि तात्याबांची थाप कधी चुकली नाही. एकदाही नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही कुर्डुवाडी सोडली. मागच्या सीटवर रुद्राणी, मांडीवर निंगव्वा. पोर रडत होती, पण त्या रडण्यात जीव नव्हता. मांजराचं पिल्लू कुठंतरी अडकून पडावं तसा आवाज. रुद्राणी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत होती. टेंभुर्णीला आम्ही हायवेला लागलो. मोडनिंबला इंजिन तापलं, तेव्हा पाणी घालायला थांबावंच लागलं.

रस्त्याकडेला धोंडप्पाचं चहाचं हॉटेल होतं. त्यानं आपणहून खिडकीतून तात्याबांपुढे चहाचा ग्लास धरला. तात्याबांनी हात पुढे केला, तो ग्लासाच्या शेजारून गेला. मग हवेत चाचपत राहिला. धोंडप्पानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास त्यांच्या मुठीत दिला.

मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यांच्या दोन्ही बाहुल्यांवर दुधाच्या सायीसारखं पांढरं आलं होतं. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत आपण कुठं बघतो?

“तात्याबा, म्होरं काय उभं हाय सांगा बरं.”

“म्होरं? ट्रक असंल की.”

पुढे काहीच नव्हतं. रिकामा रस्ता होता.

“कवापासनं दिसत न्हाय?”

ते चहा पीत राहिले. मग म्हणाले, “लई दिस झालं. सांगितलं असतं तर ठिवलं असतंस व्हय मला, चन्नवीरा?”

इतके दिवस मी वऱ्हाडंच्या वऱ्हाडं या माणसाच्या थापेवर नेली होती.

“अवो, मग थाप कशी मारता तुमी? मोकळं हाय ते कळतं कसं?”

“ती सांगती की.”

“कोण ती?”

“बाहीर असती ती. डाव्या अंगाला, दाराला लागून.” त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, जणू घरच्याच माणसाबद्दल सांगत असावेत. “मोकळं झालं की मोकळं हाय म्हणती. कवा खोटं बोलली न्हाय.”

“गाडी पळत असताना?”

“व्हय. पर ती पळत न्हाय. चालती निसती.” तात्याबांनी ग्लास खाली धरला. “अलीकडं लई दमलीय पर. किती चालायचं, म्हणती. आत घ्या म्हणती... मी म्हणतो, बाई, गाडी माजी न्हाय.”

मी मोटारीच्या डाव्या बाजूनं नजर फिरवली. सगळीकडे धुळीचा थर बसला होता. फक्त मागच्या दाराच्या मुठीजवळ तेवढी जागा पुसून स्वच्छ झाली होती. रुद्राणीच्या पदरानं पुसली असेल, असं मी मनाला सांगितलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असंही सांगितलं. दमलेल्या माणसाला मनाची समजूत घालायला फार कष्ट पडत नाहीत.

पाणी घालून झालं. मी रुद्राणीला म्हणालो, “डाव्या खिडकीला सरकून बस. मी इचारलं की मागं बघून सांग, मोकळं हाय का न्हाय.”

“आन् तात्याबा?”

“त्यांना झोप आलीय.”

तिनं जास्त विचारलं नाही. म्हणाली, “अवो, हिचे हात गार पडायला लागलेत. लवकर चला.”

मोडनिंब मागे पडलं. सूर्य गेला होता आणि रस्त्यावर तो उजेड उरला होता ज्यात दिवा लावला तरी दिसत नाही आणि नाही लावला तरी दिसत नाही. कुणालाही ओलांडायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण पुढे उसाच्या बैलगाड्या लागल्या. एकामागं एक, गाड्यांची रांग संपेचना. बैल आपल्या चालीनं चालले होते, गाडीवान उसावर आडवे झाले होते. मागं निंगव्वाचा आवाज आणखी बारीक झाला. मग मधेमधे थांबायला लागला. तो थांबला की माझा हात गिअरवर घट्ट व्हायचा.

मी गाडी उजवीकडे काढली.

एक बैलगाडी मागे पडली, दुसरी पडली. उसाच्या पाचटाचा वास खिडकीतून येत होता आणि चाकांचा कुरकुर आवाज. रांगेतली सगळ्यात पुढची बैलगाडी ओलांडत होतो तेवढ्यात समोर ट्रकचे दिवे दिसले. चांगले मोठे, आणि सरळ आमच्यावर येणारे.

“रुद्राणी, बघ.”

ती खिडकीतून वाकली. “मोकळं हाय. बैल मागं पडले. घ्या डावीकडं.”

“थांब.” हे तात्याबा होते. त्यांचा हात बाहेर लोंबत होता, पण दारावर पडत नव्हता. “चन्नवीरा, थांब... ती न्हाय म्हणती.”

“मोकळं हाय की वो,” रुद्राणी म्हणाली. “रिकामा रस्ता हाय.”

“ती मधी आलीय... चाकाम्होरं आलीय. सरकत न्हाय म्हणती...”

ट्रकनं हॉर्न दिला तो थांबवलाच नाही. एक डोळस बाई म्हणत होती रस्ता रिकामा आहे, आणि ज्याची थाप कधी चुकली नव्हती तो म्हातारा म्हणत होता थांब. मी माझ्या लेकीचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. तो येत नव्हता. मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

चाकाखाली काही आलं नाही. धक्का नाही, आवाज नाही. ट्रक उजवीकडून वाऱ्यासारखा निघून गेला आणि मोटार नुसती हलली. मी श्वास सोडला. त्याच वेळी मागचं डावं दार लागल्याचा आवाज झाला. हळूच, झोपलेलं माणूस उठू नये म्हणून कुणी लावावं तसा.

“दार उघडं होतं का?” मी विचारलं.

रुद्राणीनं पोरीला छातीशी घेतलं. मोटारीत एक वास भरला होता. उन्हातून लांबवर चालत आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तो, घामाचा आणि तापलेल्या धुळीचा.

तात्याबांनी बाहेर लोंबणारा हात आत घेतला आणि मांडीवर ठेवला.

“काय म्हणती ती?” मी अगदी हळू विचारलं.

“आता बाहीर कोण न्हाय,” ते म्हणाले.

मोहोळच्या अलीकडे निंगव्वा हसली. तान्ही पोरं झोपेत हसतात तसं नाही, कुणीतरी तोंडाजवळ तोंड आणून खेळवल्यावर हसतात तसं. मी आरशात पाहिलं. डाव्या खिडकीला बसवलेली रुद्राणी आता उजव्या दाराला अगदी चिकटून बसली होती, अंग चोरून, भरलेल्या एस्टीत बसतात तशी. डावीकडची जागा रिकामी होती.

“तिकडं का बसलीस?”

“काय की,” ती दमल्या आवाजात म्हणाली. “सरकावंसं वाटलं.”

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीच्या कपाळाला हात लावला, काखेत ताप मोजायची नळी धरली, आणि ताप कुठाय म्हणून आम्हालाच विचारलं. सगळं अंग थंड, नाडी ठीक. रुद्राणी तिथल्या फरशीवर बसून रडली. मला रडूही आलं नाही. मला नुसतं झोपायचं होतं. लेक वाचली होती, आणि ज्यानं वाचते त्याची फार चौकशी आपण करत नाही.

पुढं मी तात्याबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करवलं. जाड भिंगांचा चष्मा लागला, माणूस हरखून गेला. झाडावरचं पान न् पान दिसतंय म्हणायचे. तेव्हा निंगव्वा नुकती चालायला लागली होती. तिला पाहायला ते घरी आले, ओसरीवर बसले. पोर अंगणातून दुडूदुडू त्यांच्याकडे निघाली. तुम्ही बघितली असतील चालायला शिकणारी पोरं, दोन्ही हात पसरून तोल सांभाळतात. हिचा उजवा हात पसरलेला होता. डावा वर होता, सरळ, मूठ मिटलेली. कुणाचं तरी बोट धरल्यासारखी.

तात्याबा तिच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर तिच्याकडे नाही, तिच्या डावीकडे, आणि थोडं वर. मग त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि काठीनं वाट चाचपत फाटकाकडे निघाले.

मी मागोमाग गेलो. “काय दिसलं तात्याबा?”

“ऐकत हुतो तेच बरं हुतं,” ते म्हणाले. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत, आणि गावाकडे गेले तिथेही त्यांनी चष्मा लावला नाही असं कळलं.

मी मोटार चालवतच राहिलो. पोट कुणाला चुकलंय? डावीकडे दुसरा कुणी ठेवला नाही, जपून चालवत होतो. निंगव्वा मोठी होत होती. गुणी पोर, शाळेत जायला लागली. फक्त तिच्या डाव्या बाजूला कुणी झोपलेलं तिला चालायचं नाही. “हितं नको,” म्हणायची, आणि आम्हीही ते अंगवळणी पाडून घेतलं.

या पावसाळ्याच्या तोंडाला तिचं चालणं बदललं. डावा हात खाली आला. मला आधी बरं वाटलं. मग पाहिलं तर ती खेळ सोडून अंगणात नुसती फेऱ्या घालत होती, मोटारीला लागून, पुढून मागे, मागून पुढे. पाय मातीनं भरलेले. मी तिला मांडीवर घेतलं.

“निंगव्वा, कशाला चालतीस एवढं?”

“शिकतीया,” ती म्हणाली.

“कोण शिकवतं?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला माहीतच असायला हवं होतं. “तीच की, अप्पा. लई दमलीय ती. म्हणती, मी आता आतच बसते... आता तू चाल.”

त्या दिवसापासून मी मोटार फाटकाबाहेर काढलेली नाही. किल्ली विहिरीत टाकली. तरी रोज दिवेलागणीला पोर डाव्या दाराशी जाऊन उभी राहते. आत बसत नाही. दाराला लागून, तोंड रस्त्याकडे करून. रुद्राणी तिला उचलून घरात आणते तेव्हा ती रडत नाही, हट्ट करत नाही. फक्त कडेवर असताना तिचे पाय हवेत चालत राहतात, आणि झोप लागल्यावरही बराच वेळ थांबत नाहीत.

तुम्ही चांगली किंमत द्याल हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही ही मोटार ढकलत का होईना नेलीत, तर माझी लेक इथं माझ्याजवळ राहील, की तुमच्या डाव्या दाराला लागून चालायला लागेल, हे मला सांगू शकेल असं कुणी नाही. म्हणून द्यायची नाही.

निघताय? अंगणातून जाताना मोटारीच्या उजव्या बाजूनं जा. रुद्राणीनं पोरीला अजून आत आणलेलं नाही.