पंखापलीकडचा हात

प्रियदर्शनी त्या शनिवारी रविवार पेठेतून पावशेर मेण घेऊन हडपसरकडे निघाली, तेव्हा तिच्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता. मेण हवं होतं दोऱ्याला लावायला, आणि दोरा हवा होता विमान शिवायला.

हो, शिवायलाच. पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान होतं ते. एकावर एक असे दोन पंख, आत एकट्या वैमानिकापुरती जागा, लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. निवृत्त विंग कमांडर बापूराव घाटपांडे यांना ते एका जुन्या संस्थानाच्या हत्तीखान्यात सापडलं होतं, आणि माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते त्याला पुन्हा उडतं करत होते. प्रियदर्शनी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. आठवडाभर हिंजवडीत बसून ती संगणकावर परदेशी विमानांचे पंख आखायची, पण त्यातल्या एकाही पंखाला तिचा हात कधी लागला नव्हता. इथं लागायचा. म्हणून सुट्टी आली की तिची स्कूटी या माळाची वाट धरायची.

आता घाई होती. शेडची जमीन आयटी पार्कसाठी विकली गेली होती. पावसाळ्याआधी विमान उडालं तर बापूरावांचं, नाहीतर संस्थानचे वारस ते एका पंचतारांकित हॉटेलला देणार होते, लॉबीच्या छताला टांगायला.

"टांगायला ते काय झुंबर आहे?" बापूराव म्हणायचे, आणि हातातला पाना आणखी जोरात आवळायचे.

त्या संध्याकाळी शेवटचा पंख शिवायचा होता. पंख भिंतीसारखा उभा केलेला. एका बाजूला प्रियदर्शनी, दुसऱ्या बाजूला बापूरावांच्या पत्नी, विजयमालाकाकू. काकूंचा जन्म सदाशिव पेठेतल्या मुलींना शिवणकाम शिकवण्यात गेलेला. हिनं लांब सुई कापडातून आरपार घालायची, काकूंनी ती पलीकडून ओढून, दोरा लाकडी फासळीभोवती घेऊन परत पाठवायची.

दिवे गेले. भारनियमन नेहमीचंच. प्रियदर्शनीनं कंदील लावून आपल्या बाजूला ठेवला आणि काम पुढं चालू झालं. पलीकडे स्टूल कुरकुरलं. बाहेर माळावर अंधार उतरत होता. पत्रे थंड होताना मधूनच टक्‌ करून वाजत होते. सुई जात होती, येत होती. जात होती, येत होती...

"काकू, आज गप्प गप्प?"

उत्तर आलं नाही. सुई मात्र आली, अगदी वेळेवर. बोटांना ती बर्फासारखी गार लागली.

मग वास आला. जळक्या एरंडेलाचा. असल्या इंजिनांना एरंडेल लागतं हे तिला ठाऊक होतं, पण या विमानाचं इंजिन अजून दुरुस्तीहून परतलंच नव्हतं. शेडमध्ये एरंडेलाचा थेंबही नव्हता.

तेवढ्यात दार करकरलं. हातात थर्मास आणि टॉर्च घेऊन काकू आत आल्या.

"अगं, अंधारात काय करतेस? यांना गोळी द्यायला जाते म्हणून सांगून गेले होते ना मी?"

प्रियदर्शनीनं नुसतं पंखाकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी पांढऱ्या कापडातून सुईचं टोक सावकाश बाहेर आलं... आणि तिची वाट पाहत थांबलं.

काकूंनी टॉर्च तिकडे वळवला. त्या धीर करून पलीकडे गेल्या. स्टुलावर कुणी नव्हतं. बराच वेळ त्या खाली वाकून टाके पाहत राहिल्या.

"माझ्यापेक्षा सरळ आहेत," त्या कुजबुजल्या. "हात शिकलेला आहे."

"काकू... चला इथून."

"आणि पंख? झुंबर होऊ द्यायचं याचं?" काकू तिच्या शेजारी येऊन टेकल्या. त्यांनी तिचा डावा हात आपल्या मुठीत घट्ट धरला. "घाल सुई. ज्याचं विमान, त्याला घाई नसेल का?"

प्रियदर्शनीनं सुई घातली. ती परत आली. पुन्हा घातली, पुन्हा आली. हळूहळू छातीतली धडधड टाक्यांच्या लयीत मिसळली, आणि भीती होती तिथं काहीतरी हसरं, उबदार भरून आलं. दिवे आले तेव्हा पंख पूर्ण झाला होता. दोघी एकमेकींकडे पाहून रडल्या की हसल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

बापूरावांना त्यांनी काहीच सांगितलं नाही.

मे महिन्यातल्या एका लख्ख सकाळी विमान माळावर उभं राहिलं. उडवायला बापूरावांचा जुना शिष्य उत्तरेश्वर आला होता. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि गरजलं. चाकं गवतावरून उड्या मारत धावली, आणि बघता बघता चाकांखाली आकाश आलं! बापूरावांनी टोपी भिरकावली. आजूबाजूच्या वस्तीतली माणसं टाळ्या पिटत धावत होती. काकू दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबत होत्या. आपण शिवलेल्या पंखांवर ऊन झळकताना प्रियदर्शनी डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली.

एक मोठी फेरी मारून विमान अलगद उतरलं. इंजिन थांबलं आणि माळ एकाएकी निःशब्द झाला. उत्तरेश्वर आतच बसून होता, पट्टेसुद्धा न सोडता, लहान मुलासारखा हसत.

काकू आणि प्रियदर्शनी सर्वांत आधी पोचल्या. जवळ दुसरं कुणी नव्हतं. वारा पडलेला होता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डावीकडचा खालचा पंख दबला. बुडाशी, वैमानिक पाय ठेवतो तिथं. क्षणभर तसाच राहिला... मग सावकाश वर आला.

काकूंनी तिचा दंड धरला.

"कुणी उतरलं का गं?" त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "की... चढलं?"

प्रियदर्शनी काही बोलायच्या आत उत्तरेश्वर आतून आनंदानं ओरडला,

"अरे, इंधन भरा! लगेच पुन्हा जातो!"