एक्केचाळीस भेटी

“लायब्ररी आज लवकर सुटली का?”

शेअर ऑटोत शेजारी बसलेल्या माणसानं असं विचारलं आणि मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. मी त्याला ओळखत नव्हते. सावंगीच्या एका कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते, हे काही माझ्या कपाळावर लिहिलेलं नाही. बाहेर भादव्यातला पाऊस रिपरिपत होता, ऑटोचा प्लॅस्टिकचा पडदा खांद्यावर फडफडत होता. मी भिजू नये म्हणून त्यानं आपली बॅग मांडीवर घेऊन मला आत जागा करून दिली होती... तेवढ्यापुरता तो बरा वाटला होता.

“तुमाले कसं माहीत?” मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. “असंच... अंदाज.”

अंदाजानं कोणी लायब्ररीपर्यंत पोचतं का? मी वर्धा स्टँडच्या बरंच आधी उतरले आणि पिपरीच्या घरापर्यंत भिजत चालत गेले. मी घाबरट आहे, हे सांगून टाकलेलं बरं. दार वाजलं तरी आधी मला वाईट बातमीच आठवते.

आणि त्या शनिवारी वाईट बातमी घरी खरंच वाट बघत होती.

आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ आहे, त्याची वेबसाइट आहे, तिच्यावर अक्षय तृतीयेपासून माझं परिचयपत्र आहे. महिना संपला की मंडळ प्रत्येक घरी व्हॉट्सॲपवर एक चिठ्ठी पाठवतं. मागची चिठ्ठी होती, ‘कु. वर्षाली – भेटी : ४१’. अण्णा हरखले. एक्केचाळीस स्थळांनी पोरीला पाहिलं म्हणून त्यांनी पेढे आणले.

मग आठ दिवस गेले, पंधरा गेले. एकाचाही फोन नाही.

एक्केचाळीस जणांनी माझा फोटो पाहिला, उंची वाचली, अठ्ठावीस हे वय वाचलं आणि पान मिटलं. मी आरशासमोर उभी राहून शोधत बसे, त्यांना नेमकं काय खटकलं असेल? नाक की वय? की ते ‘आवड : वाचन’? तशात हिंगणघाटचं एक स्थळ नातेवाइकांकडून आलं. मुलगा धडधाकट, घर मोठं, फक्त नोकरी सोडायची. “पुस्तकं लावून काय भेटते?” असं तो हसत म्हणाला होता. रविवारी चार वाजता ते फोन करणार होते, हो की नाही ऐकायला.

आणि आजची चिठ्ठी होती, ‘भेटी : २’.

“एक्केचाळीसवरून दोनवर,” अण्णा मोबाईलकडे बघत म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. “पुढच्या महिन्यात शून्य होईन. हिंगणघाटवाल्याइले हो म्हणून टाकू.”

“तिले विचारा त आधी,” आई म्हणाली.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. त्रेचाळीस नकार खाल्लेल्या मुलीनं काय म्हणायचं? मी म्हटलं, “उद्या सांगते.” पण मनात मी हो म्हणून मोकळी झाले होते, इतकी मला त्या शून्याची भीती वाटली.

रविवारी सकाळी साडेसहाला मी नेहमीसारखं माझंच पान मोबाईलवर उघडलं. कोणी काही विचारलंय का? काही नाही. मग मात्र रडू आलं, आणि रडता रडता रागही आला. मंडळाचं ऑफिस रविवारी अकरा ते एक उघडं असतं. फोटो बदलायचाय असं सांगून मी घराबाहेर पडले.

समाजभवनाच्या मागची खोली. अध्यक्ष महादेवराव पेपर वाचत बसलेले. आणि कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर... कालचा ऑटोतला माणूस.

माझे पाय उंबऱ्यातच थबकले. तोही उठून उभा राहिला, मग बसला, मग परत उठला.

“हा अंकुश,” महादेवराव पेपरमधून म्हणाले. “दुकान आहे त्याचं कम्प्युटरचं. आपली वेबसाइट पाह्यते. काय काम होतं बाई?”

लायब्ररीचं कोडं सुटलं. माझी माहिती त्यानंच भरली असणार. मी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले आणि हळूच विचारलं, “एकोणचाळीस लोकं कुठं गेले माझे?”

“कोणीच गेलं नाई.” त्याचा आवाजही हळू. “मोजणी बदलली. सकाळपासून नऊ बापांचे फोन आले, सगळ्याइचेच आकडे पडले. जुन्या मोजणीत पान उघडलं की एक. तेच माणूस दहादा आलं त दहा. नव्या रिपोर्टात माणसं मोजली.”

“म्हणजे ते एक्केचाळीस...”

“वेळा. माणसं नाई.”

एवढे दिवस मी ज्यांच्यासमोर आरशात उभी होते, ती माणसं नव्हतीच.

“दाखवा,” मी म्हटलं.

“काऊन पाह्यता? राहू द्या न...”

“दाखवा.”

बदलाआधी महिनाभर त्यानं दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी चालवल्या होत्या. माझं पान, तोच महिना. डावीकडे एक्केचाळीस, उजवीकडे दोन. त्यानं माउस दोनदा चुकीच्या जागी दाबला, आणि एवढ्यानं कोणी का गडबडावं, ते मला कळेना.

“हे दोन कोण?”

“नाव येत नाई. कशावरून पाह्यलं, कधी पाह्यलं, येवढंच येते.”

मी वाचलं. एक मोबाईल, सतरा वेळा. सगळ्या सकाळी, साडेसहाच्या सुमाराला.

मला हसू फुटलं. ती मीच होते. सतरा नकार मीच मला दिले होते.

दुसरा कम्प्युटर. चोवीस वेळा. चार रविवार, दर रविवारी सहा वेळा. अकरा ते एकच्या मध्ये.

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, साडेअकरा. मग समोरचा कम्प्युटर पाहिला. मग त्याला. त्यानं मान खाली घातली होती आणि कान कालच्यासारखे लाल झाले होते.

“मंडळाच्या भेटी मोजणीतून काढाव्या लागतात,” तो पुटपुटला. “मी काढल्या नाई. नवी मोजणी आली की उघडं पडन, म्हणून दोन महिने टाळून राह्यलो होतो.”

“काऊन पाहत होते?”

“आवड : वाचन,” तो म्हणाला. “आणि तो फोटो. सगळे कॅमेऱ्याकडे पाह्यतात... तुमी बाजूच्या पुस्तकाकडे पाहून राह्यल्या.”

पेपरची घडी वाजली, आम्ही दोघं दचकलो. महादेवराव फक्त पान उलटत होते.

“मग माणसानं एकदा विचारावं, का चोवीसदा पाहावं?”

“मंडळाचा माणूस पोरीइच्या माहितीवर डोळा ठेवते म्हटलं, त कोण बाप आपली पोरगी इथं लिहीन? चूकच होती. माफ करा. भ्या वाटे मले, तुमचं आणि याइचंही.” त्यानं डोळ्यांनी पेपर दाखवला.

माझ्याहून घाबरट माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यामुळे की काय, माझी भीती जराशी कमी झाली.

“तुमचं परिचयपत्र कुठंय?”

“भरलं नाई.”

“मग भरा,” मी उठत म्हटलं. “सरळ रस्त्यानं या. चार वाजता हिंगणघाटचा फोन आहे.”

त्याचा चेहरा उतरला. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण मी थांबले नाही... थांबले असते तर मीच माघार घेतली असती.

दोनला नव्हतं. अडीचला नव्हतं. दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडून मी मंडळाची यादी बघत होते. आला नाही तर? भ्यायला तर? तीनला दहा कमी असताना यादीत सगळ्यात वर एक फोटो आला, ‘चि. अंकुश’, बाजूच्या पुस्तकाकडे बघणारा.

पावणेचारला मी मोबाईल अण्णांच्या हातात दिला. “अण्णा, हिंगणघाटवाल्याइले नाई म्हणा. आणि हे... पाहा.”

अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं. शिक्षण, दुकान, गाव. आई त्यांच्या खांद्यावरून डोकावली. मग अण्णांनी जुन्या सवयीनं विचारलं, “याले किती लोकाइनं पाह्यलं?”

हिंगणघाटच्या फोनची रिंग सुरू झाली. मी ती वाजू दिली.

“एकीनं, अण्णा,” मी म्हटलं. “तासाभरात अकरा वेळा.”